वरच्या फळीवरची जागा

बर्फावरच्या हॉकी संघाच्या साउनात, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीत, तीन फळ्या होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक. खालच्या फळीवर नवी पोरं बसायची. मधल्या फळीवर तीन-चार हंगाम अंगावर काढलेले. आणि वरच्या फळीवर, जिथे वाफ आधी पोचते आणि कानांच्या पाळ्या चावते, तिथे जुनी खोडं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. चर्चमध्ये कोण कुठल्या बाकावर बसतं हे गावाला जसं ठाऊक असतं, तसंच हे. त्या वरच्या फळीवर, तापल्या दगडांच्या अगदी लगतच्या कोपऱ्यात, हातात पितळी पळी घेऊन बसायचा यार्मो विरोला. दगडांवर पाणी टाकायचा मान त्याचा. चौदा हंगाम त्याचाच.

ओत्सो कारपिनेन त्या गावात आला तो ऑगस्टच्या शेवटी. वय एकोणीस, खांद्यावर एक पिशवी, पिशवीत दोन जोडी स्केट आणि आईने विणलेले चार लोकरी मोजे. ओत्सो म्हणजे जुन्या बोलीत अस्वल. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत यार्मोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“अस्वल? हे?” यार्मो म्हणाला. “अरे, हे तर पिल्लू आहे. आईने दूध तोडलंय का रे तुझं, की बाटलीत भरून दिलंय?”

“बाटली बसमध्ये राहिली,” ओत्सो म्हणाला.

खोली हसली. यार्मो सगळ्यांत मोठ्याने हसला. त्या दिवसापासून ओत्सो सगळ्यांचा पिल्लू झाला, आणि यार्मोने त्याला आपल्या पंखाखाली घेतलं. सराव संपला, बाकीचे आत गेले, की अर्धा तास यार्मो त्याला बर्फावरच अडकवून ठेवायचा. स्वतः हॉकीची रबरी चकती घेऊन त्याच्या अंगावर चालून जायचा, आणि दर वेळी त्याला चकवून मागे जायचा.

“चकतीकडे काय बघतोस? चकती खोटी. काठी खोटी. डोळे तर महाखोटे. माणसाच्या छातीकडे बघ. छाती जिकडे वळली, तिकडेच माणूस जाणार. बाकी सगळा तमाशा.”

“आणि छातीच फसवी निघाली तर?”

“तसा माणूस मला अजून भेटला नाही.”

परगावी सामना असला की दोघांना एकच खोली मिळे. यार्मो घोरायचा, आणि सकाळी ओत्सोलाच विचारायचा, “झोप लागू दिली नाहीस रे, काय घोरतोस!” संघात सात बचावपटू होते, खेळत सहा. सातवा ओत्सो. तो हेल्मेट घालून, नाड्या आवळून, बाकाच्या टोकाला बसून राहायचा. कुणी दमला तर मिनिटभर उतरायचा, परत यायचा. रविवारी आईला फोन करायचा. आई विचारायची, “खेळवलं का?” तो म्हणायचा, “खेळवतील.”

त्याची आई पूर्वेकडच्या एका तळ्याकाठी राहायची. चालायला शिकला त्याच वर्षी तिने त्याला बर्फावर उभं केलं होतं. त्याच्या स्केटच्या नाड्या बांधताना गुडघ्यांवर बसून ती एक ओळ गुणगुणायची. तिच्या आईची, आईच्या आईची ओळ:

*बर्फा रे तळ्यातल्या, धर माझ्या लेकराला,
फुटायचंच असेल तर, फूट माझ्या पावलाला.*

आईच्या त्या गावात एक रीत होती. नव्या बर्फावरून माणसं एकामागे एक चालत. जो पुढे, त्याच्या हातात लोखंडी टोकाचा दांडा. तो बर्फ ठोकत जायचा, आणि तडा दिसला की ओरडायचा. चोरी केलेल्याला गाव माफ करी, दारुड्याला तर दर सोमवारी करी. पण तडा दिसून जो गप्प बसला, त्याच्या घरची कॉफी कुणी पीत नसे.

नोव्हेंबरात, परगावच्या सामन्यात, गोलच्या मागे चकतीसाठी झटापट झाली आणि यार्मोचं डोकं कठड्याच्या काचेवर आदळलं. आवाज असा झाला की बाकावरच्या ओत्सोने डोळे मिटले. उघडले तेव्हा यार्मो उठून खेळत होता. सामना संपेपर्यंत खेळला. नंतर ओत्सो मोरीत गेला तर यार्मो बेसिनचे दोन्ही काठ धरून ओकत होता.

“मासा खराब होता,” यार्मो म्हणाला.

“आपण मासा खाल्लाच नाही.”

“मग उद्या खाऊ.” त्याने तोंड धुतलं. आरशात बघून हसायचा प्रयत्न केला. “हे बघ पिल्लू. वसंतात माझा करार संपतोय. पस्तिशीच्या माणसाचं डोकं हललं असं कुणी एकदा म्हटलं, की मग पाय कितीही धड असोत, त्याला कुत्रं विचारत नाही. मला अजून एक हंगाम हवाय. एकच. तू काही पाहिलं नाहीस.”

“नाही पाहिलं,” ओत्सो म्हणाला.



दुसऱ्या दिवशी साउनात यार्मो वर चढला नाही. खालच्या फळीवर, ओत्सोच्या शेजारी येऊन टेकला.

“काय रे म्हाताऱ्या,” वरून कुणी ओरडलं, “पोराबाळांत जाऊन बसलास?”

“गुडघा आखडतो वर चढताना,” यार्मो म्हणाला. “तुम्ही भाजून घ्या. मी वास घेतो.”

सगळे हसले. पळी दुसऱ्याच्या हातात गेली. पण ओत्सोला दिसत होतं की पहिली वाफ खाली उतरली तरी यार्मो कपाळाला ओला पंचा दाबून धरतो, आणि दगड सूं करून फुत्कारले की त्याच्या पापण्या थरथरतात. परगावी खोलीवर तो पडदे ओढून पडायचा. एका सकाळी त्याने डाव्या पायात उजवा स्केट चढवला, नाड्याही बांधल्या, आणि मग पायाकडे असा बघत राहिला जसा कुणा दुसऱ्याचाच पाय आहे.

ओत्सो रोज ठरवायचा की आज डॉक्टरला सांगायचं. रोज त्याला मोरीतला आरसा आठवायचा. शब्द दिलाय म्हणायचा, आणि गप्प बसायचा. शब्दाच्या आड गप्प बसणं सोपं असतं. वरून ते इमानासारखं दिसतं.

नवव्या दिवशी घरच्या सामन्यात यार्मोला मैदानाच्या मधोमध खांदा लागला. फार जोराचा नव्हता. तो गुडघ्यावर गेला, दोन-तीन श्वास तसाच राहिला, मग उठला आणि थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसायला निघाला. कठड्याचं दार उघडून आत पाऊलही टाकलं. लोकांना वाटलं मुद्दाम करतोय, चिडवतोय. चार हजार माणसं टाळ्या पिटून हसली. यार्मोही मग हात उंचावून हसला आणि आपल्या बाकाकडे आला.

ओत्सो हसला नाही. यार्मोचे डोळे त्याने जवळून पाहिले होते. त्या डोळ्यांत गंमत नव्हती. घराची वाट चुकलेलं मूल होतं.

तरीही तो बोलला नाही.

अकराव्या दिवशी कोच पेंतिलाने त्याला आपल्या खोलीत बोलावलं. पेंतिला स्वतः पंधरा वर्षं खेळलेला. बोलणं मोजकं, दात त्याहून मोजके.

“सोमवारी तुला खालच्या विभागात पाठवतोय,” तो म्हणाला. “इथे बसून बसून गंजशील. तिकडे रोज खेळायला मिळेल. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी बघू. या तीन शब्दांवर किती पोरं घरी परतली आणि लाकडाच्या गिरणीत लागली, हे बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

“बरं,” ओत्सो म्हणाला. दारापर्यंत गेला. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ थंड होती. आणि मग त्याने मागे वळून बघितलं, अगदी सहज, हसत हसत, एखादी गंमत जाता जाता सांगावी तसं.

“यार्मोला मात्र चुकल्यासारखं होईल. हल्ली खालच्या फळीवर माझ्याशेजारीच बसतो तो.”

पेंतिलाची पेन्सिल थांबली.

“कधीपासून?”

“झाले असतील दहा-अकरा दिवस.”

“पाणी कोण टाकतं मग?”

“टाकतं दुसरं कुणीतरी. त्याला म्हणे वर गुडघा आखडतो.”

पेंतिला उठला. खुर्ची मागे पडली ती त्याने उचलली नाही. चौदा वर्षं वरच्या फळीवर बसलेला माणूस गुडघ्यासाठी खाली उतरत नाही, हे कळायला त्याला डॉक्टर लागत नव्हता.

त्याच दुपारी यार्मोला इस्पितळात नेलं. सोमवारी ओत्सोची भरलेली पिशवी दाराशी होती ती त्याने परत रिकामी केली. मंगळवारी तो यार्मोच्या जागी खेळला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्या संघाला कळलं. आणखी एक धक्का बसला असता तर माणूस हाती लागला नसता, असं ते म्हणाले. आणि हेही म्हणाले की पहिल्या धक्क्यानंतर लगेच थांबला असता तर दोन-तीन आठवड्यांत परत बर्फावर आला असता. घात दुसऱ्या धक्क्याने केला. आता हॉकी संपली.

लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. ओत्सोने दुसरं.

डिसेंबरात त्याने पहिला गोल केला. रिवाजाप्रमाणे ती चकती कुणीतरी पळत जाऊन उचलली. तिच्याभोवती पांढरी पट्टी गुंडाळून, वर तारीख लिहून त्याच्या हातात दिली. वर्तमानपत्रात फोटो आला. आईने तो कापून भिंतीवर लावला. फेब्रुवारीत त्याला दोन वर्षांचा करार मिळाला. संघातल्यांनी पाठीवर थापा मारल्या आणि साउनात जागा करून दिली.

“चढ रे पिल्लू, मधल्या फळीवर ये! काय पोराटोरांत बसलास?”

“गुडघा आखडतो,” ओत्सोच्या तोंडून गेलं.

वरचे हसले.  ती चकती त्याने खोलीवर एका लोकरी मोज्यात घालून, मोजा पिशवीच्या तळाशी दाबून ठेवला. यार्मोकडे तो गेला नाही. दोनदा त्याच्या गल्लीपर्यंत गेला. दोन्ही वेळा पडदे ओढलेले होते. पडदे ओढलेले आहेत याचं त्याला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस वाटली.

मार्चमध्ये एके दिवशी सराव संपवून बाहेर आला तर दाराशी मेर्या उभी होती. यार्मोची बायको. शहराची बस चालवायची ती. अंगावर गणवेश तसाच होता, हातात फडक्यात बांधलेला डबा.

“घे,” ती म्हणाली. “राय धान्याच्या पुऱ्या, आत तांदळाची खीर. वर लावायला अंडं-लोणी वेगळं दिलंय. वाळलास किती!”

“मेर्या, हे कशाला—”

“कशाला काय? पेंतिलाने सांगितलं मला. पिल्लू बोलला म्हणून कळलं, म्हणाला. नाहीतर आज मी काळ्या कपड्यात असते.”

ओत्सोने डबा दोन्ही हातांनी धरला. तो गरम होता.

“यार्मो रागावलाय?”

“पहिले दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. रागवायलाही डोकं लागतं, बाबा.” ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. “आता उठतो. मासे धरतो. परवा म्हणत होता, चौदा वर्षांत इतक्या जणांबरोबर खेळलो, पण स्वतःचं नुकसान न बघता माझ्यासाठी तोंड उघडणारा हा एकच निघाला. मी शब्द घेतला होता त्याच्याकडून, म्हणाला. पोराने माझ्या जिवासाठी शब्द मोडला.” तिने त्याच्या बाहीवरचा बर्फ झटकला. “रविवारी तळ्यावरच्या झोपडीवर ये. दुपारी. साउना तापवणार आहे तो. तू आला नाहीस तर मी बस घेऊन येईन न्यायला, आणि भाडंही घेईन.”

खोलीवर जाऊन त्याने डबा उघडला. एक पुरी हातात घेतली. किनारीच्या चुण्या इतक्या बारीक होत्या की एकेक चिमटीने बसवलेली दिसत होती. ती त्याने न खाता परत डब्यात ठेवली.

रविवारी ऊन होतं. तळ्यावरचा बर्फ वरून पांढरा होता, पण काठाशी, जिथे झरा मिळतो तिथे, काळसर, पातळ पडला होता. यार्मो दाराशी लाकडं फोडत होता. बारीक झाला होता. दाढीत पांढरं आलं होतं.

“आलं अस्वल!” तो म्हणाला. “हिवाळाभर बिळात झोपला होतास काय?”

साउना छोटा होता. दोनच फळ्या. दोघंही खालच्या फळीवर बसले. बादली यार्मोच्या पायाशी, पळी त्याच्या हातात. त्याने अर्धी पळी पाणी टाकलं, दगड हलकेच फुत्कारले, आणि तो डोळे मिटून वाफ उतरायची वाट बघत राहिला.

“अर्धी पळी,” तो म्हणाला. “मेर्याचा हुकूम. आमच्या लेकी मोठ्या होईपर्यंत अर्धीच.”

ओत्सो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. साउनात खोटं बोलू नये असं त्याची आई म्हणायची. तिथे माणसाकडे खिसा नसतो, लपवणार कुठे?

“यार्मो, मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.”

“पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर तुझे दात पाडले असते मी.”

“दोन आठवड्यांत परत खेळला असतास.”

“असतो. तू शब्द पाळलास. मीच मागितला होता. त्याचं ओझं तू कशाला घेतोस?”

इथे थांबता आलं असतं. यार्मोने दार उघडून धरलं होतं, बाहेर ऊन होतं. ओत्सोने श्वास घेतला. तो छातीत जाऊन भाजला.

“मी तुझ्यासाठी बोललो नाही,” तो म्हणाला. “कोचने मला सांगितलं की सोमवारी खाली पाठवतोय. त्यानंतर बोललो. दारातून मागे वळून. हसत बोललो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर म्हणता यावं की मी चुगली केली नाही, सहज निघालं तोंडातून. तू समोरच्यांच्या बाकावर जाऊन बसत होतास तेव्हासुद्धा मी गप्प होतो. तुझा जीव जाईल म्हणून नाही बोललो मी. जागा रिकामी व्हावी म्हणून बोललो.”

दगड तडतडले.  यार्मोने पळी बादलीच्या काठावर ठेवली, परत उचलली.

“मेर्याला मी काय म्हणालो होतो, ठाऊक आहे?”

“सांगितलं तिने.”

“दोन महिने अंधारात पडून होतो. हॉकी गेली. वाचता येत नव्हतं, पोरींचा आवाज सहन होत नव्हता. तेवढी एकच गोष्ट उशाशी होती रे. की कुणीतरी माझ्यासाठी बोललं.” त्याचा आवाज चढला नाही. “आज तीही घेऊन चाललास.”

ओत्सोला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. हलकं काही वाटलं नाही. आपण ओझं उतरवलं ते याच्याच डोक्यावर ठेवलं, ज्या डोक्याला अर्ध्या पळीची वाफही सोसत नाही, हे त्याला आता दिसलं.

“चढ,” यार्मो म्हणाला.

“अं?”

“वर चढ. जागा हवी होती ना? मग खाली बसून ती फुकट कशाला घालवतोस? बस जाऊन.”

ओत्सो वरच्या फळीवर गेला. यार्मोने पळी भरली, पूर्ण, काठोकाठ, आणि खालूनच दगडांवर फेकली. वाफ छताला लागून ओत्सोच्या कानांवर, खांद्यांवर उतरली. त्याने पाठ वाकवली. यार्मोने कपाळाला पंचा दाबला आणि दुसरी पळी भरली. मग तिसरी.

“शुक्रवारी खाल्लेला दुसरा गोल तुझ्या अंगावर होता,” यार्मो पंच्याआडून म्हणाला.

“हो.”

“चकतीकडे बघत होतास.”

“हो.”

“तीन महिने घसा फोडला तुझ्यापुढे. छातीकडे बघ, छातीकडे बघ. आणि मी स्वतः काय बघितलं? काही नाही.” पळी बादलीत पडली. “बस तिथे. मी सांगेपर्यंत उतरायचं नाही.”

तो भिंत धरून उठला आणि दार ढकलून बाहेर गेला.

ओत्सो बसून राहिला. डोळ्यांतून काय वाहत होतं, घाम की दुसरं काही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आगपेटीएवढी खिडकी होती भिंतीत. तिच्यातून तळं दिसत होतं. साउनानंतर डुबकी मारायला बर्फात कापलेला खड्डा दिसत होता, आणि त्याकडे उघड्या अंगाने चाललेला यार्मो दिसत होता. नेहमीच्या पायवाटेने चालला होता तो. मग पाय जरासा डावीकडे गेला. मग आणखी. त्याला ते कळत नव्हतं. एका बाजूला झुकत, वाट सोडून, तो झऱ्याच्या तोंडाकडच्या काळ्या बर्फाकडे चालला होता.

ओत्सोने क्षणभरही विचार केला नाही. यार्मोने सांगितलं नव्हतं तरी तो उतरला, दार खांद्याने उघडलं, आणि अनवाणी, अंगातून वाफा निघत असताना, ओरडत धावला:

“थांब! यार्मो, थांब! डावीकडे काळं आहे!”

यार्मो थांबला. खाली बघितलं. त्याच्या पावलापासून चार हातांवर पांढरं संपत होतं. त्याने वळून ओत्सोकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही. छातीकडे. ती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि सरळ त्याच्याकडे वळलेली होती.

काठावर बर्फ ठोकायचा दांडा रोवलेला होता. ओत्सोने तो उपटला आणि लांबून वळसा घालून यार्मोच्या पुढे जाऊन उभा राहिला. पाय बधिर झाले होते.  लांब रस्त्यावरून एक बस गेली.

“तुला उतर म्हणालो नव्हतो मी,” यार्मो म्हणाला.

“नाही.”

“डबा आवडला का म्हणून मेर्या विचारील. काय सांगशील?”

“खाल्ला गेला नाही म्हणून सांगेन.”

“मारेल ती तुला.” यार्मोने पंचा डोक्याला गुंडाळला. थंडीने त्याचे दात वाजत होते, ओत्सोचेही. “तडा दिसला तर सांगशील?”

“सांगेन.”

“कधी?”

“दिसेल तेव्हाच.”

यार्मोने खड्ड्याच्या दिशेने हनुवटी उडवली.

“मग हो पुढे.”

ओत्सो वळला. त्याने दांडा उचलला, बर्फावर ठोकला, कान देऊन ऐकलं आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मागे यार्मोची पावलं येत होती, सावकाश, थोडी वाकडी. आईची जुनी ओळ त्याच्या ओठांशी आली. ती त्याने म्हटली नाही. नुसता दांडा ठोकत राहिला.